थंडीत युरियाचा दिवा: गोठलाय की खडी धरलीय?

कारखान्यांचे बॉयलर पेटून महिना होतो, पहाटे फडाच्या कडेला शेकोट्या दिसायला लागतात आणि माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "युरिया गोठलाय. काल रात्री गाडी चांगली लावली होती. सकाळी चालू केली तर युरियाचा दिवा, आणि आता चढाला ओढतच नाही." हा युरिया म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातला नॉक्स हा घातक वायू कमी करायला वेगळ्या टाकीतून पंपाने ओढून सायलेन्सरमध्ये फवारतात ते द्रावण. उंब्रजच्या अलीकडे हायवेला माझं गॅरेज आहे. ऊस वाहणाऱ्या गाड्या आणि सांगली-मिरजेकडून हळद, बेदाणा, द्राक्षं भरून उत्तरेला निघालेल्या गाड्या, दोन्ही इथे थांबतात. गेल्या हिवाळ्यात एक मालक आले. "गोठला" या एका शब्दावर त्यांनी दुसरीकडे युरियाचा पंप बदलून घेतला होता, मग नॉक्स सेन्सर बदलला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा तशीच उभी. टाकीच्या हवेच्या छिद्रात पांढरे खडे बसले होते. कोमट पाण्याने अर्ध्या तासात छिद्र मोकळं झालं आणि गाडी मार्गाला लागली. पण त्या माणसाचा गाडीचा हप्ता त्या पंपात गेला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट ठाम सांगतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यात गाडीतला चांगला युरिया थंडीने गोठत नाही. आपण गाडीचा युरिया म्हणतो तो डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड), म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. हे द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं. ३२.५ हा आकडा विचार करून ठरवलेला आहे. याच प्रमाणाला गोठणबिंदू सगळ्यांत खाली जातो, आणि गोठताना पाणी व युरिया एकदमच गोठतात, त्यामुळे वितळल्यावर प्रमाण बिघडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण दिसतात, ती आपल्याकडच्या थंडीची हद्द. तिथेही हवा उणे ११ च्या जवळपास येत नाही.

ज्यांना पटत नाही त्यांना मी एक प्रयोग करायला सांगतो. दोन प्लॅस्टिकच्या डब्यांत थोडा थोडा युरिया घ्या. एक झाकण लावून रात्रभर गच्चीवर ठेवा, दुसरा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. सकाळी गच्चीवरचा पाण्यासारखा हलतो, कप्प्यातला पांढरा घट्ट झालेला असतो. तो उन्हात ठेवला की पुन्हा जसाच्या तसा होतो. हे डबे नंतर जेवणाखाण्याला वापरू नका. आता गाडीच्या सांध्यावरची पांढरी पूड बघा. दुपारी बारा वाजताही ती तिथेच असते. बर्फ असता तर उन्हाने गेला असता. उन्हात न जाणारं पांढरं म्हणजे खडी, पाणी उडून वाळलेल्या युरियाचे खडे.

मग दिवा थंडीतच का लागतो, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर घरातल्या काकवीच्या बरणीत आहे. काकवी पातळ असते तोवर ठीक. पाणी आटलं आणि थंडी पडली की तळाला साखर धरते. युरियाचं तेच. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण १०८ ग्रॅम युरिया विरघळून राहतो, शून्य अंशाला जेमतेम ६७. टाकीतलं द्रावण याहून पुष्कळ पातळ असतं, म्हणून टाकीत खडे होत नाहीत. पण इंजेक्टरच्या टोकावर किंवा गळक्या सांध्यावर राहिलेला थेंब बघा. गरम सायलेन्सरजवळ त्याचं निम्मं पाणी उडून जातं, हिवाळ्याची हवा कोरडी असल्याने उरलेलंही भराभर जातं, आणि पहाटे पारा उतरला की त्या थेंबाची खडी होते. उन्हाळ्यातही खडी धरते, पण त्या थेंबाला वितळून वाहून जायची संधी जास्त मिळते. थंडीत एकावर एक थर चढत जातात.

कट ऑफ (बॅटरीचा मेन स्विच) कधी मारता?

गाडी आली की मी स्कॅनरला, म्हणजे गाडीचे दोष वाचणाऱ्या यंत्राला, हात लावण्याआधी ड्रायव्हरशी बोलतो. दिवा कधी लागला, गाडी किती तास कुठे उभी होती, चालू स्थितीत होती की बंद, आणि बंद कशी केली. शेवटच्या प्रश्नात थंडीतल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा उलगडा होतो.

"मामा, गाडी बंद केल्यावर मेन स्विच लगेच मारता का?"

"हो. मालकांनीच सांगितलंय. थंडीत बॅटरी उतरते, सकाळी गाडी उठत नाही."

मालकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, इंजिन ऑइल जड होतं, सेल्फवर भार येतो. जुन्या गाडीला मेन स्विच लगेच मारणं चालत होतं. पण युरियाच्या गाडीला चावी बंद केल्यानंतरही काम असतं. पंप उलटा फिरतो आणि नळ्यांत, इंजेक्टरमध्ये राहिलेला युरिया ओढून टाकीत परत नेतो. कान दिला तर तो बारीक घूं आवाज ऐकू येतो. याला एक-दोन मिनिटं लागतात. नेमका वेळ त्या त्या कंपनीच्या पुस्तकात आणि पुष्कळ गाड्यांवर मेन स्विचजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो. तेवढ्यात स्विच तोडला तर नळीतला युरिया नळीतच राहतो. इंजेक्टर सायलेन्सरच्या पाइपला चिकटलेला असल्याने तिथलं पाणी रात्रीत उडतं, आणि सकाळी भोकात खडा. एका रात्रीत फार बिघडत नाही. पंधरा रात्री तसंच केलं की पंप दाब देतो, पण इंजेक्टर नीट फवारत नाही.

म्हणून ज्या गाडीत हे आढळतं तिथे मी आधी सवय बदलायला सांगतो: चावी बंद, खाली उतरा, टायर बघा, दोऱ्या बघा, आणि मग मेन स्विच. बॅटरी खरोखर उतरत असेल तर बॅटरी तपासा. तिचा दोष युरियाच्या पंपावर घालू नका.

डोळ्यांनी काय बघायचं

युरियाच्या टाकीचं निळं झाकण काढताना फुस्स करून हवा आत गेली तर हवेचं छिद्र बंद आहे. पंप ओढतो, टाकीत पोकळी होते, दाब पडतो आणि स्कॅनर कमी दाबाचा दोष दाखवतो. अनुभव नसलेला माणूस इथेच पंप बदलतो. वर सांगितलेल्या मालकांचं असंच झालं होतं.

त्यानंतर सांधे. टाकीपासून पंप, पंपापासून इंजेक्टर, प्रत्येक जोडावर बोट फिरवा. युरियाला वर चढत जायची सवय आहे. तो वायरीच्या तांब्याच्या तारांमधून वातीसारखा सरकतो. कनेक्टर उघडून हिरवट पिना दिसल्या तर नुसतं पुसून चालत नाही, तो कनेक्टर बदलायचा. तांबं, पितळ, जस्त, साधं लोखंड, ॲल्युमिनियम यांना युरिया खातो. एका गाडीत रस्त्यावर दुरुस्ती करणाऱ्याने नळीला पितळेचा जोड घातलेला मी पाहिलाय. प्रामाणिकपणे मदत करायला गेला असेल, पण पितळ झिजून सुटलेला धातू थेट सायलेन्सरमधल्या, नॉक्स मोडणाऱ्या जाळीत जातो आणि ती जाळी निकामी होते. नळी फाटली तर त्याच जातीची नळी, स्टेनलेस स्टीलचा किंवा कंपनीचा प्लॅस्टिकचा जोड. दुसरं काही नको.

इंजेक्टर काढून बघताना त्याखालची पॅकिंग नवीन घाला. जुनी पुन्हा लावली की तिथूनच धूर आणि युरिया दोन्ही बाहेर येतात, आणि आठ दिवसांत तीच खडी.

युरियाच बघा

पंपावरून किंवा दुकानातून सीलबंद वीस लिटरची बादली घेतली, तरी टाकीतला युरिया तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीतून थोडा काढा. पाण्यासारखा नितळ हवा. तळाला गाळ, वर तेलाचा तवंग, पिवळट झाक किंवा डोळे झोंबवणारा अमोनियाचा वास, यातलं काहीही दिसलं तर टाकी रिकामी करणं आलं.

रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रावणातलं युरियाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन थेंब टाका. आधी त्यावर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी टाकून शून्य बघून घ्या, आणि थंड पहाटे मोजत असाल तर यंत्र आणि द्रावण दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या. आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे युरियाचं प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या आत हवं. पाणी घातलेला युरिया इथे लगेच पकडला जातो. पण एक लक्षात ठेवा: हे यंत्र प्रमाण सांगतं, शुद्धता सांगत नाही. खताचा युरिया बोअरच्या पाण्यात बरोब्बर ३२.५ टक्के विरघळवला तरी यंत्र तो पास करेल.

याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या भागात घरोघरी खताची गोणी असते आणि कुणीतरी सांगतं, "काय फरक आहे, युरिया तो युरियाच." फरक आहे. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, २०१५ पासून देशात सगळ्या खताच्या युरियाला तो सक्तीचा आहे. त्यात बाययुरेट ही अशुद्धी जास्त असते. डीईएफमध्ये ते ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही. आणि पाण्याचं बघा. डीईएफमध्ये कॅल्शियम किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं. म्हणजे आपण ज्याला गोड पाणी म्हणतो तेही या कामाला दीडशेपट कठीण. ते कॅल्शियम सायलेन्सरमधल्या जाळीवर बसतं आणि धुऊन निघत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा आहे. एका गोणीचे वाचलेले पैसे आणि सायलेन्सरची किंमत यांची तुलना मालकांनी स्वतः करावी.

युरिया जुना होतो हेही विसरू नका. २५ अंशांच्या आत ठेवला तर दीड वर्ष टिकतो, ३० अंशांना वर्षभर, ३५ अंशांना सहा महिने. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली बादली थंडीत उघडली की दोष थंडीवर जातो.

स्कॅनर लावल्यावर

स्कॅनरवर मी दोष क्रमांक लिहून घेतो, पण आधी चालू आकडे बघतो. सकाळी गाडी थंड असताना तीन तापमानं वाचा: बाहेरची हवा, युरियाची टाकी आणि सायलेन्सर. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही जवळजवळ सारखी हवीत.

यावरून सांगलीच्या एका गोदामात आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची गोष्ट सांगतो. हळद भरायची होती, मजूर नव्हते, गाडी तशीच थांबली. चालू केल्यावर युरियाचा दिवा, आणि तासाभरात युरियाच्या टाकीतून झोंबणारा वास. ड्रायव्हरने सांगितलं, युरिया गोठलाय आणि सडलाय. स्कॅनरवर बाहेरची हवा १७ अंश, टाकी उणे ४०. सतरा अंशांच्या हवेत उभी टाकी उणे ४० कशी होईल? हा सेन्सर असा असतो की थंडीत त्याचा रोध वाढतो. वायर तुटली की रोध अनंत, आणि गाडीचा मेंदू, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, समजतो की कडाक्याची थंडी आहे. मग तो दोन गोष्टी करतो. युरिया फवारत नाही, कारण त्याच्या मते टाकीत बर्फ आहे. आणि टाकी गरम करणारा कूलंटचा व्हॉल्व्ह उघडून ठेवतो. इंजिनचं गरम पाणी टाकीतल्या नळीतून फिरत राहिलं, चांगला युरिया तापून बिघडला आणि अमोनिया सुटला. गोदामातल्या उंदरांनी वायर कुरतडली होती. वायर जोडली, टाकी रिकामी करून नवा युरिया भरला, गाडी गेली. तेव्हापासून ज्या गाडीचा युरिया गरम लागतो तिथे मी व्हॉल्व्ह अडकलाय का आणि सेन्सर काय सांगतोय, हे दोन्ही बघतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उन्हाळ्यातही हाच त्रास होतो.

क्रमांकांबद्दल थोडं. जड गाड्यांत दोष कुठला ते सांगणाऱ्या क्रमांकाला एसपीएन म्हणतात. एसपीएन ३०३१ म्हणजे टाकीचं तापमान, १७६१ टाकीची पातळी, ३३६४ युरियाची गुणवत्ता, ४३३४ दाब, ३२१६ आणि ३२२६ पुढचा व मागचा नॉक्स सेन्सर, ४३६४ सायलेन्सरची कार्यक्षमता. यातला ४३६४ हा शेवटचा परिणाम आहे. युरिया पातळ असो, इंजेक्टर चोंदलेला असो वा जाळी मेलेली असो, सगळे तिथेच येऊन मिळतात. ४३६४ बघून सायलेन्सर बदलणं म्हणजे तापाला रोग समजणं. सोबत दुसरा क्रमांक असेल तर आधी तो सोडवा.

दाबाचा दोष असेल तर स्कॅनरवरून पंप चालवून बघा. बॉशच्या पुष्कळ प्रणालींत दाब ९ बारच्या आसपास असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तकातून घ्या. दाब येत नसेल तर आधी हवेचं छिद्र, मग ओढायची जाळी, मग फिल्टर, आणि या तिन्हींनंतरच पंप. दाब ठीक असेल तर इंजेक्टर पाइपमधून काढा, तोंड मापाच्या बरणीत धरा आणि स्कॅनरवरून फवारणीची चाचणी लावा. किती मिलिलिटर यायला हवेत ते पुस्तकात असतं. माप पुरेसं असूनही फवाऱ्याऐवजी धार पडत असेल तर तो इंजेक्टर नापास. धारेचा युरिया वाफ न होता पाइपच्या भिंतीवर पडतो, आणि तिथे खडी नव्हे तर दगड होतो.

नॉक्स सेन्सर मी अगदी शेवटी धरतो. एकतर तो अमोनियालाही नॉक्स समजतो. युरिया जास्त पडत असेल तर मागचा सेन्सर नॉक्स वाढल्याचं सांगतो आणि निर्दोष असून बदलला जातो. दुसरं, थंड सकाळी सायलेन्सरच्या पाइपात पाणी साचलेलं असतं. सेन्सरच्या आत तापलेली चिनी माती असते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडा जातो. म्हणून पाइप तापून कोरडा होईपर्यंत मेंदू त्याला तापवतच नाही. गाडी चालू केल्या केल्या आकडा दिसत नाही म्हणून सेन्सर मेला असं ठरवू नका.

उसाच्या गाड्या आणि थंड सायलेन्सर

हा भाग आपल्या पट्ट्यातल्या मालकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. युरिया फवारून उपयोग व्हायचा तर सायलेन्सरचं तापमान साधारण २०० अंशांच्या जवळ हवं. इंजिन नुसतं घुरघुरत असताना ते दीडशेच्याही आत राहतं. आता उसाच्या गाडीचा दिवस बघा. फडातून कारखान्यापर्यंत दहा-पंधरा किलोमीटर, मग वाहनतळावर रांग. पहाटेची थंडी, केबिनमध्ये ऊब हवी, गाणी चालू, फोन चार्जिंगला. इंजिन दोन-दोन तास चालू. रांग सरकली की चार पावलं, पुन्हा थांबा. परत येताना गाडी रिकामी. दिवसभरात सायलेन्सर नीट तापतच नाही. तापमान काठावर असताना पडलेला युरिया पूर्ण वाफ होत नाही, पाइपच्या वळणावर साठतो आणि त्याचं सायन्युरिक आम्ल होतं. ही पांढरी-पिवळट गाठ साध्या पाण्यात सुटत नाही. ती जायला साडेतीनशे अंशांच्या वरची उष्णता लागते.

यावर उपाय सोपा आहे, पण सवय बदलायला वेळ लागतो. रांगेत इंजिन बंद करा. केबिनमध्ये घोंगडं ठेवा. दिवसातून एकदा तरी भरलेल्या गाडीने अर्धा तास सलग, योग्य गिअरमध्ये ओढून चालवा. गाठ आधीच धरली असेल तर उभ्या गाडीवर रिजनरेशन, म्हणजे सायलेन्सर मुद्दाम तापवून आतला साठा जाळणं, करावं लागतं. ते कारखान्याच्या वाहनतळावर किंवा फडात कधीही करू नका. पाचट कोरडं असतं आणि त्या वेळी सायलेन्सरचा धूर पाचशे अंशांच्या वर जातो. मोकळी मुरमाड जागा बघा, खाली काही नाही याची खात्री करा, पाण्याचा ड्रम शेजारी ठेवा, आणि गाडी सोडून जाऊ नका.

याच संदर्भात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. थंडीत तेच इंजिन तासभर चालूनही तापमानाचा काटा वर येत नाही. इंजिन थंड, म्हणून धूर थंड, म्हणून युरियाची फवारणी बंद किंवा अर्धवट. काही जुने मिस्त्री गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. बीएस सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, गाडीला असं करू नका. ज्या गाडीत खडी पुन्हा पुन्हा धरते आणि युरिया, इंजेक्टर, मेन स्विच सगळं ठीक आहे, तिथे मी काट्याकडे बघतो.

खरोखर गोठतो तिथे

जम्मू ओलांडून पुढे जाणाऱ्या गाड्यांना वेगळं सांगावं लागतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यांत कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. बनिहालच्या पुढे घाटात अडकलेली गाडी, किंवा द्रासकडे गेलेली, जिथे पारा उणे वीसच्या खाली जातो, तिथे युरिया गोठतो आणि ते स्वाभाविक आहे. गोठलेल्या युरियाने गाडी बंद पडत नाही. इंजिन चालू होतं, गाडी चालते, कूलंट तापला की टाकी वितळते आणि फवारणी आपोआप सुरू होते. तेवढा वेळ द्या.

गाडी उठतच नसेल, किंवा उठून घाण्यासारखी अडखळत असेल, तर संशय डिझेलवर घ्या. आपल्या मानकाप्रमाणे हिवाळ्याच्या डिझेलचा प्रवाहबिंदू (ज्या तापमानाखाली ते वाहत नाही) ३ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्याच्या डिझेलचा १५ अंशांपर्यंत चालतो. म्हणजे सांगलीत भरलेलं डिझेल युरियाच्या कितीतरी आधी मेण धरून फिल्टर चोंदवतं. उत्तरेत शिरल्यावर टाकी तिथल्या डिझेलने भरत जा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणाने.

युरियाची टाकी तिकडे गळ्यापर्यंत भरू नका. गोठताना तो साधारण सात टक्के फुगतो. गोठू नये म्हणून त्यात मीठ, स्पिरिट, कूलंट काहीही घालू नका. आणि टाकीखाली जाळ कधीही करू नका. डिझेलच्या लोखंडी टाकीखाली स्टोव्ह धरणारे ड्रायव्हर मी ऐकलेत, तेही जीवावरचंच. युरियाची टाकी तर प्लॅस्टिकची आहे. उणे तापमानात वितळायला दोन तासांच्या वर लागले आणि टाकीचा आकडा हलत नसेल, तर व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा कूलंट कमी आहे. टाकीला जाणाऱ्या कूलंटच्या दोन्ही नळ्या हाताला सारख्या गरम लागतात का बघा.

साफ कसं करायचं

खडी कोमट पाण्यात विरघळते. इंजेक्टर, सांधे, झाकण, छिद्र यांना साठ अंशांच्या आतलं पाणी लावून भिजू द्या, मग मऊ ब्रश. तार, पिन, पेचकस भोकात घालू नका. ते भोक केसाएवढं असतं आणि एकदा ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा. व्हिनेगर, डिझेल, कार्ब क्लीनर यांचा उपयोग नाही, आणि त्यांतलं तेल पंपाच्या रबराला फुगवतं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. टाकी धुवायची असेल तर तेही. नळाच्या पाण्याने धुऊन तसंच भरलं तर वरचं कॅल्शियमचं सगळं पुन्हा आलं.

दुरुस्ती झाल्यावर दोष पुसला तरी गाडी लगेच मोकळी होईलच असं नाही. बीएस सहाच्या गाड्यांत आधी ताकद पाव हिश्श्याने उतरते, मग वेग ताशी वीसवर येतो, आणि तो बांध सुटायला मेंदूला स्वतः खात्री करून घ्यावी लागते की नॉक्स खरंच कमी झाला. त्यासाठी भरलेली गाडी आणि तापलेला सायलेन्सर लागतो. गॅरेजच्या दारात घुरघुरवत ठेवून ते होत नाही. पुण्याहून भरून येणारी गाडी असेल तर मी ड्रायव्हरला खंबाटकीचा घाट एका दमात चढायला सांगतो. वर जाताना सायलेन्सर तीनशेच्या पुढे जातो, मागच्या नॉक्सचा आकडा खाली येतो आणि बहुतेक वेळा उतारावरच दिवा विझतो. "घाट उतरून वेळे गावात चहाला थांबलात की फोन करा, मामा," एवढं सांगून ठेवतो. "आणि चहाला उतरताना मेन स्विच मारू नका, पंपाचा आवाज थांबू द्या."